सॅक पाठीवर, कोयती कमरेला

गडावरची झुडपं काढायच्या मोहिमेला जाताना कोयती न्यायची कशी, याचं उत्तर आम्हाला एका पावसाळ्यात सापडलं नाही. कोल्हापूरहून गारगोटी, तिथून पाटगाव, पुढं चिक्केवाडीच्या वाटेनं रांगणा. मुक्कामी जायचं म्हणजे पाठीवर पन्नास लिटरची सॅक आणि शिधा, पाणी, अंथरूण धरून बारा किलोचं ओझं. कोयती सॅकमध्ये टाकली तर वाटेत कारवी आडवी आली की दर वेळी सॅक उतरवायची, उघडायची, उपसायची. हातात धरून चढावं तर एक हात अडकतो आणि पाय घसरला की उघडं पातं आपल्याच अंगाखाली. म्हणजे ती कमरेलाच पाहिजे. पण कमरेवर सॅकचा पट्टा आधीच येऊन बसलेला असतो. पुढचं सगळं या एका अडचणीतून निघतं.

घाटाखाली आणि घाटमाथ्यावर कोयती न्यायची जुनी रीत म्हणजे आकडी. लाकडाची, करगोट्यासारखी दोरीनं कमरेला बांधलेली, पाठीच्या खळग्यात बसणारी. कोयती तिच्यात मागून अडकवायची. रिकाम्या पाठीनं, लाकूडफाटा किंवा कवळ तोडायला जाणाऱ्या माणसासाठी यापेक्षा चांगली सोय नाही: दोन्ही हात मोकळे, वाकलं तरी अडत नाही, उजवा हात मागं नेला की मूठ हाती येते. पण सॅकची कमरेची गादी नेमकी त्याच खळग्यावर टेकते. आकडी आत राहिली तर तिची कड माकडहाडाच्या वर रुतते आणि सॅक पाठीपासून चार बोटं दूर राहून मागं ओढते. शिवाय आकडीत धार उघडी असते. सॅकसह मागं पडलात तर खाली बारा किलोची सॅक, वर आपलं अंग आणि उघडं पातं मधे. सॅक असेल तेव्हा आकडी नाही, हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं.

मग म्यान करून ते पँटच्या पट्ट्यात, उजव्या कमरेवर अडकवून पाहिलं. सॅकचा पट्टा त्याच्यावरून आवळला की मूठ कमरेच्या हाडावर दाबली जाते. तासाभरात हाड हुळहुळतं, दोन तासांत मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात. तिथून कातडीची एक नस खाली मांडीत जाते, ती दाबली गेल्याची ही खूण आहे. पट्टा सैल करून हे टाळायला गेलात तर ओझं सगळं खांद्यावर येतं. मुंग्या आल्या की लगेच थांबावं; चालत राहिलं तर बधिरपणा रात्रीपर्यंत जात नाही.

म्यान सॅकच्याच कमरपट्ट्याला लटकवणं बरेच जण करतात. चालताना ते ठीक वाटतं. पण विसाव्याला सॅक उतरवली की कोयतीही तिच्याबरोबर गेली, आणि काम तर सॅक ठेवल्यावरच असतं. त्यातून पुढची चाप सुटली की पट्ट्याचं ते टोक कोयतीच्या वजनानं झोका घेऊन गुडघ्यावर येतं. सॅकच्या बाहेर, बाजूच्या पट्ट्यांत उभी बांधली तर आपला हात पोचत नाही, मागच्यानं काढून द्यावी लागते, आणि करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना मूठ हमखास अडकते. छातीच्या पट्ट्यावर चार बोटांचा चाकू राहतो, कोयती नाही: चढावर वाकलं की मूठ हनुवटीला लागते.

शेवटी जे जमलं ते असं. कोयतीला स्वतःचा वेगळा पट्टा. पट्टा सॅकच्या गादीखाली सपाट, पण ओझं त्या गादीच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या शिवणीवर लोंबतं. सॅक उतरली तरी कोयती अंगावर राहते, आणि कोयती काढून ठेवली तरी सॅकचा बंद जागचा हलत नाही.

यात मापं जुळणं महत्त्वाचं, आणि ती कोयती घेण्याआधी घ्यावीत. सॅक वजनासह घालून कमरपट्टा नीट आवळा. साधारण साडेपाच फुटी माणसाला कमरेच्या हाडाच्या माथ्यापासून गुडघ्यापर्यंत पन्नास सेंटिमीटरच्या आसपास अंतर भरतं. सॅकच्या गादीची खालची कड हाडाच्या माथ्याखाली सात सेंटिमीटरवर येते. कोयतीची मूठ या कडेच्या खाली संपली पाहिजे, नाहीतर ती गादीला घासत राहते. आणि म्यानाचं टोक गुडघ्याच्या वर निदान आठ-दहा सेंटिमीटर थांबलं पाहिजे, नाहीतर पायरी चढताना ठोकत राहतं. म्हणजे मूठ आणि पातं मिळून बत्तीस सेंटिमीटरच्या आत बसवायचं: बारा मुठीला, वीस पात्याला. बाजारात तयार मिळणारी कोयती यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब असते आणि सगळी कुरकुर तिथूनच सुरू होते. लोहाराला माप सांगून घडवून घेतलेली बरी. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद चांगलं. पाठीला चार ते पाच मिलिमीटर जाडी, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. कारवी, घाणेरी, रानमोडी याला एवढी कोयती पुरते. मनगटापेक्षा जाड खोडाला करवत न्यावी. ऊसतोडीचा कोयता आपल्या भागात घरोघरी असतो म्हणून तोच उचलू नये. त्याचं पातं लांब आणि पातळ, सुक्या लाकडावर त्याची धार मोडते आणि कमरेला तर तो मुळीच बसत नाही.

पट्टा नायलॉनचा, अडतीस मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड. चामड्याचा जाड पट्टा गादीखाली कड काढतो. बक्कल चपटं घ्यावं आणि ते बेंबीवर येऊ देऊ नये, डावीकडे चार बोटं सरकवावं. सॅकची चाप बेंबीखाली येते आणि दोन बक्कलं एकावर एक आली की वाकताना पोटात टोचतात. पँटला तिसरा पट्टा नको, नाडीची ट्रॅकपँट उत्तम. पट्ट्यापासून म्यान लटकवायला पंचवीस मिलिमीटरच्या दोन उभ्या पट्ट्या, एकमेकींपासून चार सेंटिमीटर अंतरावर. एकच पट्टी लावली तर म्यान स्वतःभोवती फिरतं आणि कधीतरी धार मांडीकडे येते. दोनमुळे ते सपाट राहतं. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची, चौकोन आणि त्यात फुली. सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो आणि वरून कळत नाही.

एवढं करून म्यान नुसतं लोंबतं ठेवलं तर उतारावर प्रत्येक पावलाला मांडीवर थापटत राहतं. त्यासाठी गुडघ्याच्या वीतभर वर मांडीभोवती एक पंचवीस मिलिमीटरचं इलॅस्टिक. उभं राहून खाली दोन बोटं सहज जातील इतकं सैल. बसल्यावर मांडी रुंदावते, तेव्हा उभ्यानं घट्ट वाटणारं इलॅस्टिक बसताच रक्त अडवतं. म्यान थोडं तिरकं ठेवायचं, मूठ दोन बोटं पुढं आणि टोक मागं, म्हणजे दगडावर टेकताना टोक आधी जमिनीला लागत नाही.

आता म्यान. पहिलं म्यान आम्ही चामड्याचंच केलं होतं, कोल्हापुरात दुसरं काय सुचणार. चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं, रापीनं कापलेलं, आरीनं भोकं पाडून वादीनं शिवलेलं. दिसायला देखणं आणि उन्हाळ्यात उत्तम. पण आपल्याकडचं हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. हिरड्याचा कस आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की काळी शाई होते, आणि पावसात भिजलेल्या म्यानात रात्रभर कोयती राहिली की तेच होतं. सकाळी पात्यावर काळेकरडे डाग, कडेला तांबूस गंज, आणि म्यानाच्या आत शाईसारखा काळा चिकटा. शिवाय भिजलेलं कातडं मऊ पडतं आणि कोयती परत घालताना धार तेच कापत जाते. गगनबावड्याकडच्या पावसात चामडं वाळायला आठ दिवस लागतात. चामड्याचं म्यान दिवाळीनंतर वापरावं, जून ते ऑक्टोबर नाही.

पावसासाठी पीव्हीसीचं म्यान. सांडपाण्याचा एकशे दहा मिलिमीटरचा पाइप, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर, लांबी पंचवीस सेंटिमीटर. उभा एक छेद द्या. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवून पाइप त्यात पूर्ण बुडवा आणि तीन-चार मिनिटं ठेवा. तो उकडलेल्या पापडाच्या लाटीसारखा मऊ होतो. दोन फडक्यांनी धरून उलगडा, सपाट फरशीवर ठेवा, वरून दुसरी फरशी आणि तिच्यावर पाण्याची भरलेली कळशी. दहा मिनिटांत सपाट पत्रा तयार. हे काम गॅसच्या ज्योतीवर करू नका. पीव्हीसी जळला की त्यातून आम्लाचा धूर निघतो, डोळे आणि घसा धरतो, आणि जळालेली जागा पुढं थंडीत तडकते.

पत्र्यावर कोयती आडवी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा. इथं बहुतेकांचं चुकतं. कोयतीला चोच असते, म्हणून तिच्या पात्याच्या रुंदीइतकं अरुंद म्यान केलं तर चोच आत जातच नाही. म्यानाची रुंदी चोचीच्या टोकापासून पाठीपर्यंतची पाहिजे, वर एक सेंटिमीटर मोकळीक आणि धारेकडच्या पट्टीसाठी आणखी पंधरा मिलिमीटर. अशा दोन बाजू कापा. धारेच्या बाजूला त्यांच्यामध्ये त्याच पत्र्याची पंधरा मिलिमीटर रुंद पट्टी घाला. ही पट्टी नसेल तर धार थेट रिव्हेटवर आपटते: धार बोथट होते आणि रिव्हेटही कापले जातात. रिव्हेट तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे, दर तीन सेंटिमीटरला एक, पट्टीच्या बाहेरच्या अर्ध्या भागात. चोच ज्या कोपऱ्यात येते तिथं दोन जवळजवळ. पाठीच्या बाजूनं वरचा निम्मा भाग उघडा सोडायचा, कारण वाकडी कोयती सरळ वर ओढून निघत नाही, ती थोडी मागं कलवून काढावी लागते. तळाला आठ मिलिमीटरचं भोक पाण्यासाठी. शेवटी तोंडाकडचा एक सेंटिमीटर भाग पुन्हा उकळत्या पाण्यात धरून बाहेर वळवा, म्हणजे पातं परत घालताना तोंड सापडतं.

म्यान अंगावर लावताना बंद बाजू, म्हणजे धारेची, पुढं आणि उघडी पाठ मागं. उलट लावलं तर जाळीतून चालताना प्रत्येक काटकी त्या फटीत शिरते.

मुठीला कुलूप हवंच. वाकताना, उड्या मारताना, ओढ्यात घसरताना कोयती म्यानातून आपोआप वर येते. पहिल्या दिवशी येत नाही, घासून म्यान सैल झालं की येते. टिचबटण चिखलानं भरलं की लागत नाही आणि लागलं तर निघत नाही. वेल्क्रोत ऑक्टोबरात गवताची कुसळं इतकी भरतात की दुपारपर्यंत तो धरायचा थांबतो. आम्हाला टिकलेला उपाय म्हणजे सायकलच्या ट्यूबची तीन सेंटिमीटर रुंद चकती. म्यानाच्या मागच्या बाजूला रिव्हेटनं बसवायची आणि मुठीच्या गाठीवरून ओढून अडकवायची. ओल्या हातानं, हातमोज्यातून, न बघता अंगठ्यानं निघते. उन्हानं रबर चिरतं, म्हणून दर हंगामाला नवी. मनगटात अडकवायचा फास मात्र लावू नका. हातातून सुटलेली कोयती खाली पडली तर पडू दे. फासात अडकली तर ती झोका घेऊन आपल्याच नडगीवर येते.

घालायचा क्रम ठरलेला ठेवा: आधी कोयतीचा पट्टा, मग मांडीचं इलॅस्टिक, मग सॅक, मग सॅकचा कमरपट्टा. उतरवताना आधी सॅक. कोयती, म्यान, पट्टा मिळून सातशे-साडेसातशे ग्रॅम उजवीकडे लोंबतात, तेव्हा पाण्याची लिटरची बाटली सॅकच्या डाव्या खिशात जाऊ द्या. एवढ्यानं तोल सारखा होतो आणि सॅकचा पट्टा उजवीकडे उतरत नाही.

गडावर नेण्याआधी घरीच भरलेल्या सॅकसह तपासून पाहावं. गुडघाभर उंचीच्या कट्ट्यावर दहा वेळा चढ-उतार, दहा उठाबशा, एकदा मांडी घालून बसणं, एकदा कमरेएवढ्या गडग्यावरून पलीकडे जाणं. कुठं टोचतं ते तिथंच कळतं. मग काढणं-घालणं, आधी लाकडाच्या फळीचा कोयतीएवढा तुकडा करून. काढताना डोळे वाटेवर राहिले तरी चालतं. परत घालताना मात्र थांबायचं, मान वळवून म्यानाच्या तोंडाकडे बघायचं, आणि डावा हात छातीवर ठेवायचा. बहुतेक जखमा कोयती परत घालतानाच होतात, तोंड चाचपणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना. पुढच्या-मागच्यात तीन मीटर अंतर. आणि वाट साफ करताना कारवी तिरकी छाटू नये. तिरका खुंट म्हणजे मागून येणाऱ्याच्या पायाला रोवलेला भाला. जमिनीलगत, सपाट.

आता कायद्याचं, कारण याकडे दुर्लक्ष करणारे आम्ही फार पाहिलेत. शहरातून, एसटीतून कोयती कमरेला लावून जायचं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा हत्यार घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरणं गुन्हा आहे, आणि असे आदेश सणासुदीला, निवडणुकीला सारखे निघत असतात. गडाच्या पायथ्यापर्यंत कोयती म्यानासह गोणपाटात गुंडाळून सॅकच्या तळाशी. राखीव वनात वनखात्याच्या परवानगीशिवाय फांदीही तोडता येत नाही, आणि संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व विभागाचं पत्र लागतं. पन्हाळ्यावर तर तटातलं झुडूपसुद्धा आपल्या मनानं उपटू नये. मूळ ओढलं की दगड सुटतो. पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर जुलैत हजारो लोक चालतात. तिथं कोयतीचं कामच नाही, घरी ठेवा.

राधानगरी अभयारण्यात, म्हणजे दाजीपूरच्या गव्यांच्या रानात, विषय वेगळाच. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर सुरीही येते. कोयती शेतीचं अवजार आहे हा युक्तिवाद चेकनाक्यावर करत बसू नये.

परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारे काही शेतकरी आणि बागायतदार आम्हाला हेच विचारतात, की सॅक असताना होल्स्टर कुठं लावायचं. जागेचं गणित तेच आहे: सॅकच्या गादीखाली सपाट पट्टा, खाली लटकणारं होल्स्टर, मांडीला बंद. एका बाबतीत ते कोयतीपेक्षा कडक: होल्स्टरनं रिव्हॉल्व्हरचा चाप, म्हणजे ट्रिगर, पूर्ण झाकलेला असला पाहिजे, कारण करवंदीची एक काटकी चापाच्या कडीत शिरली तर पुरे. नियमही वेगळे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी नेताना ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि सतत आपल्या ताब्यात हवं. विसाव्याला सॅकला अडकवून ओढ्यावर पाणी प्यायला जाणं म्हणजे ताबा सोडणं. परवाना कुठल्या जिल्ह्यापुरता आहे तेही बघावं. रांगण्याच्या पलीकडे उतरलं की सिंधुदुर्ग लागतो. आणि अभयारण्यात तेही चालत नाही.

मोहिमेहून आल्यावर म्यान आणि कोयती एका रात्रीपुरतीसुद्धा एकत्र ठेवायची नाहीत. पातं धुऊन, पुसून, चुलीजवळ किंवा उन्हात कोरडं करायचं. रानमोडीचा चीक वाळला की निघत नाही, तो राख आणि नारळाच्या काथ्यानं घासावा. मग निसण्यावर धार, पाच-सहा ओढी एका बाजूनं, तेवढ्याच दुसऱ्या बाजूनं, आणि वरून खोबरेल तेलाचं बोट. मुठीला जवसाचं तेल, ते लाकडात मुरून वाळतं. मूठ हलवून बघायची: उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पात्याचं शेपूट आत हलायला लागतं. खडखड जाणवली तर लाख वितळवून परत बसवून घ्यावं, शेंबीखाली, म्हणजे मुठीच्या तोंडावरच्या कड्याखाली, पाचर ठोकून भागवू नये, तिनं मूठ फुटते. म्यानात पाणी ओतून तळाच्या भोकातून माती जाऊ द्यायची आणि तोंड खाली करून खुंटीला टांगायचं. मांडीचं इलॅस्टिक सैल पडलंय का ते त्याच वेळी ताणून बघावं, आणि ट्यूबच्या चकतीला चीर दिसली तर तिथंच नवी कापून ठेवावी.